खंजिरीत खडा: एनव्हिडियाचा ड्रायव्हर, लिनक्स आणि रिअलटाइम ऑडिओ

मे महिना, नागपूरच्या मानेवाड्यातली माझी दहा बाय बाराची खोली, आणि कूलर बंद. बंद, कारण माइकपुढे खंजिरी भजनाचं मंडळ बसलेलं. बुवांनी हेडफोन चढवला, दोन कडवी म्हटली आणि हेडफोन उतरवून घाम पुसत माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, आवाजात खडे येऊन राहिले ना."

यापेक्षा नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. छान शिजलेल्या भातात दाताखाली कचकन यावा तसा तो आवाज असतो. इंग्रजी मॅन्युअलं त्याला एक्सरन म्हणतात, मी तेव्हापासून खडाच म्हणतो. हार्मोनियमच्या लांब सुरात तो एखादवेळी लपूनही जातो. खंजिरीच्या थापेत मात्र लपत नाही, कारण थाप स्वतःच इतकी तीक्ष्ण असते की तिच्या आगेमागे आलेली प्रत्येक उपरी टिकटिक कान वेगळी काढतो.

त्या दिवशीचा लॅपटॉप इंटेल प्रोसेसरचा, सोबत एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, त्यावर उबंटू हे लिनक्स आणि एनव्हिडियाचा प्रोप्रायटरी, म्हणजे कंपनीचा स्वतःचा बंद ड्रायव्हर. पुढे जे लिहितोय ते अशाच मशीनसाठी आहे. डेबियन, मिंट, उबंटू स्टुडिओ वापरत असाल तर जवळपास जसंच्या तसं लागू पडेल. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

आधी ठरवा, तुम्हाला हे सगळं हवंय का

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक-हेडफोन संगणकाला जोडणारी डबी, आवाज सुटा सुटा पाठवत नाही, तुकड्यातुकड्यांनी पाठवतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १२८ नमुन्यांचा बफर असेल तर एक तुकडा २.६७ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात संगणकाने आलेला तुकडा उचलायचा, त्यावर रिव्हर्ब (घुमारा) वगैरे संस्कार करायचे आणि पुढचा तुकडा बाहेर ढकलायचा. उशीर झाला की इंटरफेसकडे वाजवायला काही उरत नाही, आणि खडा पडतो. इथे मशीन सरासरीने किती वेगवान आहे याला अर्थ नाही. वऱ्हाड सरासरी वेळेवर पोचतं म्हणून मुहूर्त थांबत नसतो.

६४ नमुन्यांना १.३३ मिलिसेकंद, २५६ ला ५.३३, १०२४ ला २१.३३. हे एका फेरीचे आकडे. आवाज आत येऊन परत हेडफोनपर्यंत जाताना बफर किमान दोनदा मोजला जातो, वर इंटरफेसचा आणि यूएसबीचा आपापला वेळ. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा सव्वातीन-साडेतीन मीटर लांब बसलेल्या झांजवाल्याइतका. गाणाऱ्याला तो सांगता येत नाही, पण ठेका मागे ओढल्यासारखा वाटायला लागतो.

तुम्ही फक्त मिक्सिंग करत असाल तर बफर १०२४ वर ठेवा आणि हा लेख इथेच सोडा. रेकॉर्डिंग करता, पण इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देणारं) बटण आहे आणि गायकाला स्वतःचा कोरडा आवाज चालतो, तरीही १०२४ पुरे. मला हे करता आलं नाही, कारण बुवांना कानात रिव्हर्ब हवा होता. देवळाच्या सभामंडपात गायची सवय असलेल्या माणसाला कोरडा आवाज दिला की तो ओरडायला लागतो. तेव्हा १२८, आणि १२८ ला खडा नको, हे ध्येय.

ग्राफिक्स कार्डाचा आवाजाशी काय संबंध

प्रश्न रास्त आहे. ऑडिओचा धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधलं एक स्वतंत्र चालणारं काम) रिअलटाइम प्राधान्याने, म्हणजे बाकीच्यांच्या आधी, चालतो. स्क्रीनवर खिडक्या रंगवणारा प्रोग्रॅम साधा असतो, त्याला ऑडिओ कधीही बाजूला सारू शकतो. मग अडतं कुठे?

अडतं कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत. ड्रायव्हर हा कर्नेलचा भाग होऊन चालतो. तो जेव्हा एखादं कुलूप धरून बसतो, म्हणजे स्पिनलॉक घेतो किंवा इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक) बंद ठेवतो, तेवढा वेळ त्या कोअरवर कुणाचंच प्राधान्य चालत नाही, तुमच्या ऑडिओचंही नाही. हे काही मायक्रोसेकंदांत उरकलं तर कुणाला कळतही नाही. पण कार्ड झोपेतून उठताना, क्लॉक बदलताना, मोठी मेमरी मांडताना हा वेळ लांबू शकतो. इंटेल, एएमडी आणि नुव्हो (एनव्हिडिया कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर) हे ड्रायव्हर कर्नेलच्याच झाडावर असल्याने त्यांचा कोड सगळ्यांसमोर आहे. कुठे वेळ खाल्ला ते ट्रेस करून दुरुस्त करता येतं. एनव्हिडियाच्या प्रोप्रायटरी मॉड्यूलचा (कर्नेलमध्ये चढणाऱ्या ड्रायव्हरच्या भागाचा) गाभा तयार बायनरी म्हणून येतो. आत काय शिजतंय ते झाकण उघडून बघता येत नाही.

२०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियाने ओपन कर्नेल मॉड्यूल जाहीर केले. ते ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांवर चालतात. कर्नेलमधला भाग त्यामुळे वाचता येतो, पण बरंचसं काम कार्डावरच्या जीएसपी नावाच्या छोट्या प्रोसेसरच्या फर्मवेअरकडे गेलंय आणि ते बंदच आहे. वर वापरायची, ग्राफिक्स रंगवणारी ओपनजीएल-वल्कनची लायब्ररीही बंदच. तुमचं कार्ड ट्युरिंग किंवा नंतरचं असेल तर ओपन मॉड्यूल लावून बघा, पण त्यानेच खडे जातील या भ्रमात राहू नका.

पहिलं काम: मोजा

माझी चूक इथेच झाली. मोजण्याआधी मी रिअलटाइम कर्नेल बांधायला बसलो आणि दोन रात्री घालवल्या. तुम्ही आधी हे करा.

कोणतं कार्ड कोणत्या ड्रायव्हरवर आहे ते पहा:

एलएसपीसीआय -के

व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलरच्या खाली "कर्नेल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ येते. लॅपटॉपवर बहुतेक वेळा दोन कार्डं दिसतील, एकावर आय-नाइन-वन-फाइव्ह (इंटेलचा ड्रायव्हर), दुसऱ्यावर एनव्हिडिया.

मग पाइपवायरचा (लिनक्समध्ये आवाजाची ने-आण करणाऱ्या प्रोग्रॅमचा) बफर १२८ वर बांधून टाका:

पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम १२८

काम झालं की शेवटच्या आकड्याच्या जागी ० दिलं की तो पूर्ववत. आता एका टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप उघडा. त्यात ईआरआर नावाचा रकाना आहे, तीच तुमची खड्यांची मोजणी. इंटरफेसच्या ओळीवर नजर ठेवा. सुरू करतानाचे एकदोन आकडे सोडून द्या.

दुसऱ्या टर्मिनलमध्ये आरटी-टेस्ट्स या पॅकेजमधलं सायक्लिकटेस्ट:

सुडो सायक्लिकटेस्ट --एसएमपी --एमलॉकऑल --प्रायॉरिटी=८० --इंटरव्हल=२००

हा प्रोग्रॅम प्रत्येक कोअरवर एक धागा सोडतो. धाग्याला ठरल्या वेळी उठायला सांगतो आणि किती उशिरा उठला ते मायक्रोसेकंदांत नोंदवतो. शेवटचा मॅक्स हा आकडा महत्त्वाचा, अव्हरेजकडे बघूही नका. माझा अंदाज असा: मॅक्स शंभरच्या आत असेल तर ६४ चा बफरही चालेल. तीन-चारशेपर्यंत १२८ बहुधा निभतो. हजाराच्या पुढे गेला म्हणजे २.६७ पैकी एक मिलिसेकंद उठण्यातच गेलं, उरलेल्यात रिव्हर्ब बसवणं कठीण.

हे तीन वेळा करा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं. पहिल्यांदा मशीनला हात न लावता. दुसऱ्यांदा खिडक्या ओढत, व्हिडिओ चालवत, वर्कस्पेस बदलत. तिसऱ्यांदा ग्राफिकल सत्र पूर्ण बंद करून, नुसत्या काळ्या टर्मिनलवर:

सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट मल्टी-यूजर.टार्गेट

पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत आकडा चांगला आणि दुसऱ्यात ढासळला, तर संशय ग्राफिक्सवर पक्का. तिन्हींत वाईट असेल तर ड्रायव्हरला उगाच शिव्या देऊ नका. दोष कर्नेलच्या सेटिंगमध्ये, वायफायमध्ये किंवा बायोसमध्ये असू शकतो. बायोससाठी त्याच पॅकेजमध्ये एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट आहे. मदरबोर्डचं फर्मवेअर मध्येच सगळा प्रोसेसर ताब्यात घेतं, त्याला एसएमआय म्हणतात. ते लिनक्सला दिसतही नाही आणि थांबवताही येत नाही. हा प्रोग्रॅम तशी हरवलेली वेळ पकडतो. तिथे मोठे आकडे आले तर बायोस अपडेट करून बघणं आणि त्यातले वीजबचतीचे पर्याय बंद करणं, एवढंच आपल्या हातात.

खड्यांचा ताल ऐका

आता माझ्या खड्यांची गोष्ट. रात्री मंडळ गेल्यावर मी रेकॉर्डिंग आर्डर या ऑडिओच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं आणि वेव्हफॉर्म मोठं करत गेलो. खरा एक्सरन ओळखू येतो: रेषा वळण घेत चाललेली असते आणि अचानक तुटून भलतीकडेच सुरू होते. असे सात खडे सापडले. प्रत्येकाची वेळ कागदावर लिहिली. सलग दोघांमधलं अंतर कुठे दोन सेकंद, कुठे चार, कुठे सहा. नेहमी दोनच्या पटीत.

माणसाचा हात इतका नेमका पडत नाही, आणि उष्णतेचाही पडत नाही. दर दोन सेकंदांनी काहीतरी उठत होतं, त्यातल्या काही वेळा ऑडिओच्या पायात येत होतं. शोधल्यावर दिसलं की मीच महिन्याभरापूर्वी डेस्कटॉपच्या पट्टीवर एक लहानसं विजेट लावलं होतं, ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवणारं. ते दर दोन सेकंदांनी एनव्हिडिया-एसएमआय चालवत होतं. लॅपटॉप ऑन-डिमांड मोडमध्ये, म्हणजे काम नसताना कार्ड झोपलेलं. त्याला तापमान विचारायचं तर आधी उठवावं लागतं. झोपलेल्याला उठवून ताप आहे का विचारायचं आणि परत झोपू द्यायचं, असा तो उद्योग रेकॉर्डिंगभर चालला होता. (हे एनव्हिडिया-एसएमआय आणि बायोसचं एसएमआय यांचा एकमेकांशी संबंध नाही, नावं तेवढी सारखी.)

विजेट काढलं, ताल गेला. सगळे खडे नाही गेले, पण दोनच्या पटीतले गेले.

तेव्हापासून मी आधी खड्यांची लय बघतो. नेमक्या अंतराने येत असतील तर कुठलातरी टायमर: विजेट, मॉनिटर, बॅकअप. खिडकी हलवल्यावर येत असतील तर ग्राफिक्स. अधूनमधून, काही पत्ताच नाही असे असतील तर आधी वायफाय बंद करून बघा (आरएफकिल ब्लॉक वायफाय). आणि आवाजात टक् आला पण पीडब्ल्यू-टॉपमधला आकडा हलला नाही, तर ती वीज आहे. आमच्या गल्लीत कुणी कूलरचा पंप चालू केला की माझ्या माइकच्या लाइनमध्ये उडी येते. वेव्हफॉर्ममध्ये ती सुईसारखी दिसते, रेषा तुटत नाही. त्यावर उपाय अर्थिंगचा आणि वेगळ्या बोर्डचा. कर्नेल बदलून कूलर ऐकत नाही.

परवानग्या आणि प्रोसेसर

हे पटकन उरकू. स्वतःला ऑडिओ गटात घाला:

सुडो यूजरमॉड -एजी ऑडिओ तुमचं-नाव

इथे ए लहान आणि जी मोठ्या लिपीतला. ए विसरलात तर बाकी गटांतून बाहेर पडाल, सुडोसुद्धा (प्रशासकाचा अधिकार) हातचा जाईल. मग /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी/ मध्ये ऑडिओ.कॉन्फ नावाची फाइल करून या दोन ओळी:

@ऑडिओ - आरटीप्रायो ९५
@ऑडिओ - मेमलॉक अनलिमिटेड

लॉगआउट करून परत या आणि यूलिमिट -आर विचारा, ९५ यायला हवं. ही परवानगी नसली तर पाइपवायर आरटीकिट नावाच्या मध्यस्थाकडे जातो आणि तिथे प्राधान्य २० च्या वर मिळत नाही. परवानगी असली की तो स्वतःच ८८ घेतो.

प्रोसेसरचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारा) परफॉर्मन्सवर:

सुडो सीपीयूपॉवर फ्रिक्वेन्सी-सेट -जी परफॉर्मन्स

कर्नेल: हवा तेवढाच रिअलटाइम

रिअलटाइमचा पॅच, प्रीएम्प्ट-आरटी, जवळपास वीस वर्षं मुख्य कर्नेलच्या बाहेर सांभाळला गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीत तो मुख्य कर्नेलचा भाग झाला. ही बातमी वाचून पुष्कळांचा समज झाला की ६.१२ लावलं की मशीन रिअलटाइम झालं. तसं नाही. तो कर्नेल बांधतानाच निवडायचा पर्याय आहे आणि नेहमीच्या कर्नेलमध्ये तो बंद असतो. डेबियनमध्ये त्यासाठी वेगळं आरटी पॅकेज आहे.

आणि एनव्हिडियावाल्यांसाठी खरी गोम पुढे आहे. रिअलटाइम कर्नेलमध्ये नेहमीचे स्पिनलॉक झोपू शकणारे होतात. ते धरलेला धागासुद्धा बाजूला करता येतो, तीच तर त्याची करामत. पण ज्या ड्रायव्हरने हे गृहीत धरलेलं नाही, तो जिथे झोपणं वर्ज्य आहे अशा ठिकाणी असं कुलूप मागतो आणि कर्नेल बोंब ठोकतो, कधी मशीनच गोठतं. म्हणून एनव्हिडियाचा इन्स्टॉलर आरटी कर्नेल दिसला की मॉड्यूल बांधायलाच नकार देतो आणि रिअलटाइम कर्नेलला आधार नाही असं सरळ सांगतो. त्याला डोळेझाक करायला लावणारा एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, इग्नोअर-प्रीएम्प्ट-आरटी-प्रेझेन्स, तिथे १ दिला की तो बांधतो. (नावातल्या हायफनच्या जागी अंडरस्कोर, अक्षरं सगळी मोठी.) मी दिला. मॉड्यूल बांधला गेला, डेस्कटॉप आला, आणि दुसऱ्या संध्याकाळी व्हिडिओ चालू असताना स्क्रीन थिजली. बनवणाऱ्यांनी नाही म्हटलेलं असताना मी जबरदस्ती केली, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? असं मशीन घेऊन मी मंडळाला बोलवणार नाही, तुम्हीही बोलवू नका.

त्याऐवजी नेहमीचाच कर्नेल ठेवा आणि त्याला दोन शब्द सांगा. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल (ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना कर्नेल चढवणारा प्रोग्रॅम) उघडा, सीएमडीलाइन-लिनक्स-डिफॉल्टच्या अवतरणचिन्हांत आहे ते राहू द्या आणि शेवटी जोडा:

प्रीएम्प्ट=फुल थ्रेडआयआरक्यूज

दुसरा शब्द सलग लिहायचा: थ्रेड, त्याला चिकटून आयआरक्यू, शेवटी एस. मग सुडो अपडेट-ग्रब आणि रीबूट. पहिल्या शब्दाने कर्नेल स्वतःचं काम चालू असतानाही जागा सोडायला तयार होतो, कुलूप धरलेले क्षण वगळता. दुसऱ्याने बहुतेक इंटरप्ट हाताळणारे धागे बनतात, म्हणजे त्यांना प्राधान्य देता येतं. यूनेम -व्ही मध्ये प्रीएम्प्ट-डायनॅमिक असं दिसलं तर तुमचा कर्नेल पहिला शब्द पाळतो. डायनॅमिक नसेल, तर लो-लेटन्सी कर्नेल मिळतो का ते बघा.

इंटरप्टचे धागे झाले की प्राधान्य लावायला आरटीआयआरक्यू ही स्क्रिप्ट आहे. यूएसबी इंटरफेस असेल तर एक्सएचसीआय (यूएसबीचा कंट्रोलर) वर आणा. मात्र मशीनमध्ये यूएसबीचे दोन कंट्रोलर असतील तर इंटरफेस अशा पोर्टात लावा जिथे माउस, वेबकॅम आणि पेनड्राइव्ह नाहीत. माझ्याकडे डावीकडचा पोर्ट एकटा निघाला. हे कळायला एलएसयूएसबी -टी पुरेसं होतं.

/प्रॉक/इंटरप्ट्स एकदा वाचून घ्या. एनव्हिडियाच्या ओळीवर पीसीआय-एमएसआय (ज्यात प्रत्येकाचा इंटरप्ट वेगळा) असायला हवं. तिथे आयओ-एपिक (जुनी पद्धत, ज्यात इंटरप्ट वाटून घेतला जाऊ शकतो) दिसलं आणि त्याच ओळीत साउंडकार्ड किंवा यूएसबीचंही नाव असलं, तर दोघं एकाच दोरीने बांधलेत आणि त्रास होणारच. हल्लीच्या मशीनवर हे क्वचित दिसतं.

सगळ्यात मोठा फरक: स्क्रीन इंटेलकडे द्या

वरच्या सगळ्या उद्योगांनी माझा सायक्लिकटेस्टचा मॅक्स निम्म्यावर आला. खडे पूर्ण गेले ते या पायरीने. डेस्कटॉप रंगवायचं काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे दिलं आणि एनव्हिडियाला घरी पाठवलं. आर्डरचे मीटर आणि वेव्हफॉर्म रंगवायला इंटेलचं साधं ग्राफिक्स पुरून उरतं. भजन रेकॉर्ड करायला गेमिंग कार्ड लागत नाही.

उबंटूच्या लॅपटॉपवर:

सुडो प्राइम-सिलेक्ट इंटेल

आणि रीबूट. मग एलएसमॉड मध्ये एनव्हिडिया शोधा. काही आलं नाही म्हणजे मॉड्यूल चढलेलाच नाही. एक अडचण सांगून ठेवतो: पुष्कळ लॅपटॉपांत एचडीएमआयचं पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. कार्ड बंद केलं की बाहेरचा मॉनिटर काळा. मला लॅपटॉपच्याच पडद्यावर काम करावं लागतं, सवय झाली.

डेस्कटॉप पीसी असेल तर काम त्याहून सोपं. मॉनिटरची वायर कार्डातून काढून मदरबोर्डच्या पोर्टात लावा आणि बायोसमध्ये अंतर्गत ग्राफिक्स चालू करा. फक्त प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असायला हवं. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी एफ आहे त्यात ते नसतं. सीताबर्डीला पार्ट घ्यायला जाल तेव्हा दुकानदार एफवाला थोडा स्वस्त पडतो म्हणून पुढे करेल. ऑडिओसाठी मशीन बांधत असाल तर ते थोडे पैसे वाचवू नका. खरं तर नुसत्या ऑडिओसाठीच मशीन घेत असाल तर एनव्हिडियाचं कार्डच घेऊ नका. मग आरटी कर्नेलचाही रस्ता मोकळा राहतो.

जुनं कार्ड आहे आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सही नाही, अशांनी नुव्हो वापरून बघावा. मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून पास्कलपर्यंतच्या (ही ट्युरिंगआधीची नावं) कार्डांना फर्मवेअरच्या सहीच्या अडचणीमुळे तो पूर्ण वेग देऊ शकत नाही, कार्ड सुरुवातीच्या मंद क्लॉकवरच राहतं. गेमसाठी ते वाईट, आपल्यासाठी चालेल.

प्रोप्रायटरी ड्रायव्हर ठेवणं भागच असेल तर

व्हिडिओ एडिटिंग किंवा ब्लेंडरमुळे कुणाला तो सोडता येत नाही. त्यांनी क्लॉक वरखाली होणं थांबवावं. एक्स-इलेव्हनवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) एनव्हिडिया-सेटिंग्ज उघडून पॉवरमायझरमध्ये प्रिफर मॅक्झिमम परफॉर्मन्स निवडा. वीज जास्त जाईल, पंखा वाजेल, पण खिडकी हलवताना येणारे झटके कमी होतात. डेस्कटॉपचे धूसर-पारदर्शक इफेक्ट काढून टाका. तापमानाची विजेटं नकोत, हे आता वेगळं सांगायला नको.

दुसरं, पाव्हूकंट्रोल या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये कॉन्फिगरेशनच्या पानावर एनव्हिडियाच्या एचडीएमआयचं साउंडकार्ड दिसेल. त्याचं प्रोफाइल ऑफ करा. नाहीतर एखादवेळी ब्राउझरचा आवाज तिकडे जातो, कार्ड जागं राहतं आणि तुमच्या इंटरफेसच्या घड्याळाशी त्याचं घड्याळ जुळवत बसायचं काम पाइपवायरच्या मागे लागतं.

आणि रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी अपडेट करू नका. कर्नेल बदलला की डीकेएमएस नावाचा प्रोग्रॅम मॉड्यूल पुन्हा बांधतो. तिथे काही फिसकटलं की सकाळी लोक दारात आणि तुमचा पडदा काळा. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड रोखणारी सोय) चालू असेल तर नव्या मॉड्यूलची सही मानली जाण्यासाठी आधी एमओके ही तुमची स्वतःची सहीची किल्ली नोंदवलेली लागते, आणि तो निळा पडदा नेमका घाईत समोर येतो. चालू असलेली जोडी जमली की एपीटी-मार्क होल्ड करून गोठवा. होल्ड केलंय हे लक्षात ठेवा, सुरक्षेचे अपडेटही त्यात अडकतात. काम संपलं की अनहोल्ड.

नागपूरचा उन्हाळा

हे बाहेरच्या मार्गदर्शकांत सापडत नाही. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास, आणि माइक लावला की कूलर-पंखा सगळं बंद. प्रोसेसर तापला की तो स्वतःहून वेग उतरवतो आणि जो रिव्हर्ब मार्चमध्ये सहज बसत होता तो मेमध्ये २.६७ मिलिसेकंदांत बसत नाही. खात्री करायची असेल तर:

सुडो जर्नलसीटीएल -के | ग्रेप -आय थ्रॉटल

"सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड" अशा ओळी आल्या तर तुमचा आरोपी ड्रायव्हर नाही. इथेही एनव्हिडिया बंद असल्याचा फायदा होतो, कारण पुष्कळ लॅपटॉपांत दोन्ही चिपांची उष्णता एकाच तांब्याच्या नळीतून बाहेर जाते. एकीची भट्टी विझली की दुसरीला हवा मिळते. मी लॅपटॉप खालून दोन लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवतो आणि उन्हाळ्यात मंडळाला सकाळी सहाला बोलावतो. तेव्हा खोली थंड असते, शेजारचे कूलर बंद असतात, आणि बुवांचा गळाही पहाटेचाच चांगला लागतो. नंतर तर्रीपोहे माझ्याकडून.

एकाच लॅपटॉपवर दोन घरं

हे सगळं लावून झाल्यावर पुन्हा दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या घ्या आणि मग अर्धा तास खरं रेकॉर्डिंग, १२८ वर, रिव्हर्बसकट. माझा ईआरआर रकाना शून्यावर राहिला. मंडळ दुसऱ्यांदा आलं, चार भजनं सलग झाली, बुवांनी हेडफोन उतरवला तो चहासाठी.

त्याच संध्याकाळी भाचा आला. "मामा, गेम काऊन चालून नाही राहिला?"

दरवेळी प्राइम-सिलेक्टची अदलाबदल करायचा मला कंटाळा. म्हणून लॅपटॉप परत ऑन-डिमांडवर नेला, तिथल्या सीएमडीलाइनमधून आपले शब्द काढले आणि ग्रबमध्ये दुसरी नोंद केली. /बूट/ग्रब/ मधल्या ग्रब.सीएफजीतून नेहमीची मेन्यूएंट्री उचलून /ईटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम मध्ये चिकटवली, नाव दिलं "भजन", कर्नेलच्या जागी आवृत्तीचा आकडा न लिहिता /बूट/व्हीएमलिनुझ हा दुवा दिला, तसाच इनिटआरडीचा, म्हणजे कर्नेल बदलला तरी नोंद शिळी होत नाही. लिनक्सच्या ओळीच्या शेवटी हे:

प्रीएम्प्ट=फुल थ्रेडआयआरक्यूज मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=एनव्हिडिया,एनव्हिडिया_डीआरएम,एनव्हिडिया_मोडसेट,एनव्हिडिया_यूव्हीएम

स्वल्पविरामांच्या आगेमागे जागा सोडायची नाही. मग अपडेट-ग्रब. एक बारीक गोष्ट इथे राहते: ड्रायव्हरच नसला तर कार्डाला झोप म्हणून सांगणारं कुणी उरत नाही, ते रिकामं बसून गरम होत राहतं. एलएसपीसीआयमधून कार्डाचा पत्ता घ्या आणि /सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस/ खाली त्या पत्त्याच्या फोल्डरमधल्या पॉवर/कंट्रोल या फाइलमध्ये ऑटो लिहा. मी ते भजनाच्या नोंदीपुरतं एका लहान सर्व्हिसमध्ये टाकलंय, आणि हात लावून बघितलं तर लॅपटॉपचा डावा कोपरा आता कोमट असतो, पूर्वीसारखा चटका बसत नाही.

आता लॅपटॉप सुरू करताना दोन ओळी दिसतात. वरच्या ओळीचं नाव भाच्याने स्वतः ठेवलंय, ते इथे लिहीत नाही. खालची भजनाची.